लार्नाकाचे कॉन्सल: ऑटोमन सायप्रसमधल्या परदेशी व्यापाराची पार्श्वभूमी

सायप्रस १५७१ पासून १८७८ पर्यंत ऑटोमन सुलतानाच्या अमलाखाली होतं. या तीन शतकांतला बेटाचा परदेशी व्यापार समजून घ्यायचा असेल, तर राजधानी निकोसिया बाजूला ठेवून दक्षिण किनाऱ्यावरच्या लार्नाका गावात जावं लागतं. व्हेनिस, फ्रान्स, इंग्लंड, हॉलंड, पुढे तस्कनी, रागूसा, नेपल्स, ऑस्ट्रिया, रशिया आणि शेवटी अमेरिका, या सगळ्यांचे कॉन्सल, म्हणजे आपापल्या देशाच्या व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, तिथे होते. सुलतानाचा अंमलदार निकोसियात आणि परदेशी झेंडे किनाऱ्यावर, अशी ही विभागणी होती.

या कॉन्सलांना राजदूत समजलं की पुढचं सगळंच गणित चुकतं. राजदूत इस्तंबूलला असे. लार्नाकाचा कॉन्सल हा व्यापाराच्या यंत्रणेचा भाग होता, आणि त्याचं बळ तीन गोष्टींवर उभं होतं: सुलतानाने दिलेले करारनामे, त्याच्या स्वतःच्या नेमणुकीची सनद आणि गावोगाव पेरलेली उचल. यातली तिसरी गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांत कमी येते; प्रत्यक्षात सर्वांत जास्त काम तिनेच केलं.

लार्नाकाच का?

ऑटोमनांच्या आधी बेट व्हेनिसकडे होतं, आणि त्या काळात त्याचं मुख्य बंदर होतं फामागुस्ता. तटबंदीच्या आत खोल, सुरक्षित गोदी. सप्टेंबर १५७० मध्ये निकोसिया पडलं आणि दीर्घ वेढ्यानंतर ऑगस्ट १५७१ मध्ये फामागुस्ताही. विजेत्यांनी या किल्ल्याच्या आत ख्रिस्ती लोकांना राहायला बंदी केली. लष्करी दृष्टीने निर्णय समजण्यासारखा होता, पण बेटावरचे बहुतेक व्यापारी, दलाल आणि खलाशी ख्रिस्तीच होते. वखारी हलल्या आणि लार्नाकाला आल्या.

लार्नाकाला खरं तर बंदरच नव्हतं. होता तो उघडा समुद्र आणि वाळूचा किनारा. जहाजं दूर नांगर टाकत, माल पडावांतून किनाऱ्यावर येई आणि तसाच परत जाई. हिवाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला की चढ-उतार थांबायची. लाटा वाढल्या की नांगर उचलून खुल्या समुद्रात जाणं भाग पडे. पण समोर सीरियाचा किनारा एक-दोन दिवसांच्या अंतरावर होता. अलेप्पोचा माल इस्कंदरूनच्या बंदरात आला आहे का, आक्र्याच्या बंदरात कापसाचा भाव काय चालू आहे, कुठे साथ पसरली आहे, हे लार्नाकाला कळायचं. कप्तान इथे थांबून पुढचं बंदर ठरवायचे. कॉन्सलच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग अशाच बातम्यांनी भरलेला असे.

गावाला लागून मिठाचं तळं आहे. हिवाळ्याच्या पावसाने ते भरतं, उन्हाळ्यात आटतं आणि ऑगस्टच्या सुमारास मिठाचा थर खरवडून ढीग लावले जात. पाऊस बेताचा झाला तर पीक चांगलं. जास्त झाला आणि गोडं पाणी शिरलं, की तळं वेळेत आटत नाही आणि वर्ष वाया जातं. मीठ सरकारी मक्त्याचं होतं. मक्तेदार आगाऊ रक्कम भरून बसलेला असे, म्हणून पावसाळी वर्षाचा फटका थेट त्याच्या अंगावर यायचा.

करारनामे आणि तीन टक्के

परदेशी व्यापाऱ्यांना सुलतानाच्या मुलखात राहता यायचं ते अहदनाम्यांमुळे, म्हणजे वर सांगितलेल्या करारनाम्यांमुळे. फ्रान्सला तो १५६९ मध्ये मिळाला, इंग्लंडला १५८० मध्ये, हॉलंडला १६१२ मध्ये. इंग्लंडचा लेव्हंटमधला, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा, व्यापार १५८१ मध्ये स्थापन झालेल्या लेव्हंट कंपनीकडे होता. सायप्रसचा कॉन्सल तिच्या अलेप्पोच्या वखारीशी जोडलेला असे. फ्रान्सने १७४० मध्ये आपला अहदनामा वाढवून घेतला आणि तोच पुढे इतरांसाठी नमुना ठरला.

या कागदांतली कलमं अगदी व्यवहारी होती. जकात आधी शेकडा ५ होती, नंतर इंग्रज, डच आणि १६७३ पासून फ्रेंच व्यापाऱ्यांसाठी शेकडा ३ झाली. एका बंदरात ती भरली की पावती, म्हणजे तेझकेरे, मिळे आणि तोच माल दुसऱ्या ऑटोमन बंदरात नेला तर पुन्हा जकात घ्यायची नाही. एकाचं कर्ज दुसऱ्याकडून वसूल करायचं नाही. परदेशी माणूस मेला तर त्याची मालमत्ता सरकारजमा न होता त्याच्या कॉन्सलच्या ताब्यात जायची. कॉन्सलचा दुभाषी, म्हणजे तर्जुमान, हजर नसेल तर काझीने परदेशी माणसाचा खटला चालवायचा नाही, आणि दावा ४,००० अक्च्यांहून (अक्चे हे ऑटोमन चांदीचं नाणं) मोठा असेल तर तो इस्तंबूललाच जाईल. दोन इंग्रजांचं किंवा दोन फ्रेंचांचं आपसातलं भांडण मात्र कॉन्सलच मिटवी.

एक जहाज डोळ्यांसमोर आणा. लिव्होर्नोहून कापड घेऊन आलेल्या जहाजाने नांगर टाकला. कप्तान पडावातून उतरतो, जहाजाची कागदपत्रं आणि मालाची यादी घेऊन आपल्या कॉन्सलकडे जातो. कॉन्सल यादीवरून आपलं शुल्क ठरवतो; लेव्हंट कंपनीत ते मालाच्या किमतीवर शेकडा २ च्या आसपास असे. मग तर्जुमान यादी घेऊन जकातघरात जातो. इथे खरी घासाघीस सुरू होते, कारण ३ टक्के नक्की असले तरी ते कशाच्या तीन टक्के हे नक्की नसतं. ठरलेले दर जुने झालेले असतात, नाणं मधल्या काळात हिणकस झालेलं असतं आणि जकातीचा मक्ता घेतलेल्या माणसाला आपली रक्कम वसूल करायची असते. मार्ग निघाला नाही तर जकात मालाच्याच रूपात देऊन मोकळं व्हायचं. शेवटी पावती. ती हरवली किंवा तिच्यावरचं वर्णन गाठोड्यांशी जुळलं नाही, की आक्र्याला दुसऱ्यांदा जकात भरावी लागे आणि तक्रार इस्तंबूलला पोचून निकाल येईपर्यंत हंगाम संपलेला असे. चांगला तर्जुमान पगाराच्या कितीतरी पट मोलाचा होता, तो यामुळे.

माल आणि वजनं

बेटाबाहेर जायचा तो कापूस, रेशीम, लोकर, मंजिष्ठा, दारू, कॅरोबच्या शेंगा आणि मीठ. मंजिष्ठेची मुळं लाल रंगासाठी लागत. लार्नाका आणि फामागुस्ताजवळच्या वाळूमिश्रित जमिनीत ती चांगली यायची, पण मुळं काढण्याजोगी व्हायला दोन-तीन वर्षं लागत, म्हणजे तेवढा काळ पैसा जमिनीत अडकलेला. १८६९ मध्ये अलिझरिन हा तिच्यातला रंग कृत्रिम रीतीने बनवता आला आणि थोड्याच वर्षांत तिचा बाजार बसला. कोमांदारिया ही गोड दारू द्राक्षं उन्हात वाळवून करत आणि मोठ्या मातीच्या रांजणांत मुरवत. रांजणांना आणि वाहतुकीच्या कातडी बुधल्यांना आतून डांबर लावलेलं असे. त्याचा वास दारूला लागायचा आणि तो जायला वर्षं लागायची. युरोपातल्या गिऱ्हाइकांची नेहमीची तक्रार हीच होती.

वजनात गफलत झाली की सौदा बुडायचा. ओका म्हणजे ४०० दिरहम, आजच्या हिशेबात सुमारे १.२८ किलो. नेहमीचा कांतार ४४ ओक्यांचा, पण बेटावर अलेप्पोचा कांतारही चाले आणि तो होता १८० ओक्यांचा. करारात नुसतं ‘शंभर कांतार’ लिहिलं तर चौपट फरक पडू शकत होता. जुने आकडे आज वाचणारेही इथेच घसरतात: एका वर्षाची निर्यात अचानक कोसळलेली दिसते आणि प्रत्यक्षात लिहिणाऱ्याने फक्त वजन बदललेलं असतं.

उचल

शेतकऱ्याला कर रोखीत भरावा लागे आणि रोख त्याच्या हातात नसे. मुहस्सिल, म्हणजे बेटाचा कारभारी आणि वसूलदार, स्वतः हे पद मोठी रक्कम मोजून आणि बहुधा थोड्याच मुदतीसाठी मिळवायचा. ती रक्कम त्यानेही सावकारांकडून उचललेली असे, मग वसुलीत दयामाया कुठली? १७६४ मध्ये चिल उस्मान आगाने कराची मागणी इतकी वाढवली की जमाव निकोसियातल्या त्याच्या वाड्यावर चालून गेला आणि तो मारला गेला.

या कोंडीत लार्नाकाचा व्यापारी शिरला. करासाठी लागणारी रक्कम तो हिवाळ्यात किंवा वसंतात उचल म्हणून द्यायचा आणि येणारा कापूस किंवा रेशीम बाजारापेक्षा कमी भावाने लिहून घ्यायचा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला पिकावर दिली जाणारी उचल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. टोळधाड आली की पीक जायचं आणि कर्ज पुढच्या वर्षावर चढायचं. सायप्रसमध्ये टोळ ही नित्याची आपत्ती होती. रिचर्ड मात्तेई या जमीनदाराने १८६० च्या दशकात तिच्यावर उपाय रुजवला: कापडी पडदे आडवे लावायचे, त्यांच्या वरच्या काठाला गुळगुळीत पट्टी, म्हणजे पंख न फुटलेले टोळ चढू शकत नाहीत, आणि पडद्यालगत खणलेल्या खड्ड्यांत पडतात.

व्यापारी कर्ज फक्त शेतकऱ्याला देत नव्हता. मुहस्सिलही त्याचा ऋणको असायचा. म्हणून धान्यनिर्यातीवर बंदीचं फर्मान असूनही गहू आणि बार्ली जहाजांवर चढायची. इस्तंबूलची बंदी खरी होती, पण ती अमलात आणणारा माणूस निर्यातदाराच्या वहीत होता.

फ्रेंच आणि इंग्रज पद्धतींत इथे फरक होता. फ्रान्सचा लेव्हंटमधला व्यापार मार्सेयच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या हाती होता. कॉन्सलांना पगार तेच देई आणि त्यांना स्वतः व्यापार करायला मनाई असे. व्यापाऱ्यांना परवाना, मुक्कामाची मुदत, लग्नावर बंधनं. इंग्रज कॉन्सल बहुतेक वेळा स्वतः व्यापारी. फ्रेंच पद्धतीत नोंदी अधिक नेटक्या राहिल्या, म्हणून आज सायप्रसच्या व्यापाराचं चित्र थोडं फ्रान्सकडे झुकलेलं दिसतं.

सनदेचा बाजार

कॉन्सलला काम सुरू करायला सुलतानाची सनद, बेरात, लागे. त्याच्या तर्जुमानांनाही बेरात मिळे. ज्याच्याकडे ती असे, तो स्थानिक ख्रिस्ती असला तरी जिझिया देत नसे, जकात परदेशी दराने भरे आणि कॉन्सलच्या संरक्षणाखाली येई. अठराव्या शतकात या सनदा सरळ विकल्या जाऊ लागल्या. दुभाष्याचं एक अक्षरही न बोललेले व्यापारी कागदावर तर्जुमान झाले. लार्नाकाची श्रीमंत घराणी अशीच परदेशी झेंड्याखाली आली आणि पुढे त्यांच्यातलेच लोक छोट्या राष्ट्रांचे कॉन्सल बनले. इंग्लंडचा उपकॉन्सल अंतोनिओ व्होंदिझियानो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कित्येक दशकं त्या जागेवर होता.

या संरक्षणाची किंमत १८२१ मध्ये कळली. ग्रीक उठाव सुरू झाल्यावर कारभारी कुचुक मेहमेदने बेटावरच्या प्रमुख ख्रिस्तींची यादी केली. ९ जुलैला निकोसियात आर्चबिशप किप्रियानोस यांना फाशी दिलं. जे लार्नाकाच्या कॉन्सलांच्या आश्रयाला पोचू शकले, त्यांतले बरेच वाचले आणि जहाजांवरून निसटले.

१८३८ चा ब्रिटन आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यातला बाल्टालिमानचा व्यापारी तह आला आणि मक्ते व निर्यातबंद्या रद्द झाल्या. आयातीवर एकूण ५ आणि निर्यातीवर १२ टक्के ठरले. १८६१ मध्ये निर्यातकर ८ टक्क्यांवर आला आणि दरवर्षी एकेक टक्का उतरत १ वर स्थिरावायचा होता. परवानग्या मिळवून देणं हा कॉन्सलचा जुना उद्योग त्यामुळे पातळ झाला. पुरातन वस्तू हा नवा उद्योग होता. अमेरिकेचा कॉन्सल लुइजी पाल्मा दी चेस्नोला १८६५ मध्ये आला आणि दहा वर्षांत हजारो थडगी उकरून माल न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकला. अमेरिकन कॉन्सलला माल पाठवायला मनाई झाली तेव्हा रशियाचा कॉन्सल म्हणून त्याने तो जहाजावर चढवला. दोन्ही पदं त्याच्याकडेच होती. कुठलं थडगं, कुठला थर, याच्या भरवशाच्या नोंदी नाहीत. बेटाचं हे नुकसान भरून न येणारं आहे.

४ जून १८७८ च्या करारानुसार बेटाचा कारभार ब्रिटनकडे गेला. जुलैत लार्नाकाच्या त्याच उघड्या किनाऱ्यावर जे सैन्य उतरलं, त्यात मुंबईहून माल्टाला नेलेल्या हिंदी पलटणीही होत्या, मुंबई इलाख्यातल्या तुकड्यांसह. बेट नावाला सुलतानाचंच राहिलं आणि वर्षाला सुमारे ९२,८०० पौंडांची खंडणी बेटाच्या महसुलातून वळती होत राहिली. १८८२ च्या आदेशाने न्यायालयं नव्याने घडवली गेली आणि परदेशी लोकांचे खटलेही त्यांच्याच कक्षेत आले. कॉन्सलांकडे राहिली ती जहाजांची कागदपत्रं आणि आपल्या नागरिकांची किरकोळ कामं.