वजन रोज करायचं की आठवड्यातून एकदा : या वादाची पार्श्वभूमी

स्वतःचं वजन करून लिहून ठेवायचा नाद तसा जुना आहे. १६१४ मध्ये व्हेनिसला एका इटालियन वैद्याचं लॅटिन पुस्तक छापलं गेलं, तो म्हणे खुर्ची काट्याला टांगून तिच्यात बसायचा आणि खाल्लेलं-प्यायलेलं, बाहेर टाकलेलं सगळं वर्षानुवर्षं मोजायचा. पण त्याला बारीक व्हायचं नव्हतं, अंगातून न दिसता किती जातं ते बघायचं होतं. आपल्याकडे काटा म्हणजे स्टेशनवरचं ते दिव्यांचं मशीन, नाणं टाकलं की कार्ड यायचं, एका बाजूला वजन आणि त्यासोबत भविष्य. गावाला जाताना वर्षातून एकदा-दोनदा बघितलं की झालं, त्यातून कोणी जेवण बदलत नव्हतं.

१९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वजन कमी करणाऱ्यांचे गट सुरू झाले, तिथे दर आठवड्याला सगळ्यांचं वजन व्हायचं. आजही बरेच डाएटवाले "आठवड्यातून एकदाच, रोज नको" म्हणतात आणि त्यामागचं कारण खोटं नाही. वजन दिवसागणिक किलो-दीड किलो सहज वरखाली होतं. लग्नाच्या पंगतीत लोणचं-पापड-जिलबी झाली की दुसऱ्या दिवशी काटा वर जातो, ती चरबी नसते, मिठाने धरलेलं पाणी असतं, शिवाय शरीर साखर साठवतं तेव्हा एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. आणि दोन दिवस भात-पोळी सोडली की तेच पाणी जातं आणि माणूस उगाच खूश होतो.

पण खरा गोंधळ "नियमित" या शब्दाचा आहे, एकजण रोज धरतो, दुसरा आठवड्याला, आणि दोघंही नियमितच म्हणतात. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांची, त्यातले साधारण पाऊण लोक आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहतात. यावर लगेच हरकत येते की वजन वाढायला लागलं की माणूस काट्याकडे बघायचंच टाळतो, मग मोजल्यामुळे टिकलं की टिकलं म्हणून मोजत राहिले? हरकत बरोबर आहे, म्हणूनच २००६ ला आलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. नुकतंच वजन उतरवलेले ३१४ लोक, तीन गट, १८ महिने. दोन गटांना, एकाला प्रत्यक्ष भेटीत आणि दुसऱ्याला इंटरनेटवरून, रोज वजन करायला शिकवलं, वर हिरवा-पिवळा-लाल असे पट्टे : १.४ किलोच्या आत वाढ असेल तर हिरवा, २.३ किलो किंवा जास्त झालं की लाल, म्हणजे परत डाएट चालू. तिसऱ्या गटाला नुसती माहितीपत्रकं. त्या तिसऱ्या गटात ७२ टक्क्यांचं वजन २.३ किलो किंवा त्याहून जास्त परत वाढलं, प्रत्यक्ष भेटीच्या गटात ४६ टक्क्यांचं, इंटरनेटवाल्यांत ५५.

यात काटा एकटा नव्हता हे मान्य, लाल पट्ट्यात गेल्यावर काय करायचं ते ठरलेलं होतं, आणि मला तरी तोच मुद्दा मोठा वाटतो. आता घरचे डिजिटल काटे आकडा थेट फोनवर पाठवतात आणि बरीच अ‍ॅप्स रोजच्या आकड्याऐवजी सरासरीची रेघ दाखवतात, त्यामुळे पाण्याची ती जुनी हरकत पुष्कळशी मिटते. खाण्याचा आजार असलेल्यांना किंवा शरीराबद्दल आधीच त्रासलेल्या शाळा-कॉलेजच्या मुलामुलींना मात्र रोज काट्यावर चढवू नये, तिथे आकडाच डोक्यात बसतो.