चमचे कोरण्याची हत्यारे

लाकडाचा चमचा हाताने घडवण्यासाठी वापरली जाणारी धारदार अवजारे. कुऱ्हाड, सरळ सुरी आणि आकडी सुरी (चमच्याची वाटी कोरणारी, वळलेल्या पात्याची) एवढ्यावर काम भागते. ही कला स्वीडन आणि वेल्समध्ये विशेष रुजलेली आहे. स्वीडनमध्ये ओल्या बर्चचे लाकूड चालते, तर वेल्समध्ये अन्नाला वास न लावणारे सिकॅमोर.

आकडी सुरीचे मूळ वादग्रस्त आहे. वेल्समधील लांब दांड्याची ‘ट्वका कॅम’ आणि स्वीडनची आखूड मुठीची सुरी यांचा परस्परसंबंध निश्चित करणे अवघड आहे. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडील मूळ रहिवाशांच्या वाकड्या सुरीबद्दल (मोकोटागन) दोन मते मांडली जातात. एका मतानुसार बीव्हर या झाडे कुरतडणाऱ्या प्राण्याच्या पुढच्या दाताला मूठ बसवून केलेल्या प्राचीन हत्याराचेच ते लोखंडी रूप होय. दुसऱ्या मतानुसार घोड्याचे खूर तासण्याच्या युरोपीय सुरीवरून ती घडली. उपलब्ध पाती बहुधा जुन्या कानशी ठोकून केलेली, म्हणजे युरोपीय संपर्कानंतरची आहेत. मात्र तळवा वर ठेवून सुरी स्वतःकडे ओढण्याची पकड नालबंदाच्या सवयीतून आली असेल असे वाटत नाही. पकड जुनी आणि पाते नवे, असे मानणे अधिक सयुक्तिक. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील मेस्टरमिर येथे १९३६ साली सापडलेल्या, साधारणतः इ. स. १००० च्या सुमाराच्या हत्यारपेटीत चमच्याच्या आकाराची गिरमिटे आहेत. त्यांवरून चमचे कोरण्याचा पुरावा काढू नये. ती भोके पाडण्याची हत्यारे आहेत.

आकडी सुरी निवडताना पात्याची वक्रता आधी पाहावी. घट्ट वळणाचे पाते खोल वाटीत उतरते, पण मागे चऱ्या ठेवते. उघड्या वळणाचे पाते तळ गुळगुळीत करते, पण खोल जात नाही. म्हणून एकच सुरी घ्यायची असेल तर मध्यम वळणाची घ्यावी. एकधारी सुरी उजव्या-डाव्या हातासाठी वेगवेगळी मिळते. दुधारी सुरीच्या पाठीवर अंगठा टेकवता येत नाही. पळीसारख्या मोठ्या वाटीला गोल पटाशी बरी.

सरळ सुरीत मोरा (दालार्ना प्रांत) येथील सुऱ्या प्रसिद्ध आहेत. सुमारे ६ सेंमी. पाते चमच्याला पुरते. धारेचा रुंद, सपाट उतार लाकडावर टेकतो आणि तोच हाताला वाट दाखवतो. म्हणून धारेच्या कडेला दुसरा बारीक उतार काढू नये. कुऱ्हाडीचे डोके अर्धा ते एक किलोचे असावे. स्वीडिश कारागीर विल्ले सुंडक्विस्ट (१९२५–२०१८) यांच्यामुळे कुऱ्हाड-सुरीने चमचे कोरण्याची ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पोचली.

आकडी सुरीला सपाट सहाणेवर नीट धार लागत नाही. गोल लाकडी दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून आतल्या बाजूने फिरवतात, पाते स्थिर ठेवून दांडी हलवतात. ओल्या बर्चची ढलपी न फाटता सलग, कांद्याच्या पातीसारखी निघाली की धार नीट लागली असे समजावे.