उसाचं टनेज आणि तिसऱ्या प्रकारची चूक

निपाणीकडचे एक ऊस बागायतदार वही घेऊन बेळगावात माझ्या घरी आले. वेदगंगेकाठच्या त्यांच्या रानाच्या सगळ्या तोडण्यांची, काट्यावरची वजनं वहीत होती. "आडसाली जास्त पडतोय का सुरू, एवढं गणितानं सांगा की ओ सर."

आडसाली आणि सुरू म्हणजे उसाच्या लागणीचे दोन हंगाम. मी संख्याशास्त्र शिकवतो. प्रश्न ओळखीचा वाटला. एकरी सरासरी काढली, फरक निव्वळ योगायोगाचा नाही हे चाचणी लावून तपासलं आणि सांगितलं, आडसालीच जास्त.

ते थोडा वेळ गप्प बसले. "ते ठाऊकच हाय की. रान दीड वर्स अडकवायचं का नको, ते इचारायलोय."

आडसाली जुलै-ऑगस्टात लावला की तोडणीपर्यंत 16 ते 18 महिने जातात. जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू साधारण 12 महिन्यांत तुटतो. समजा, आडसाली 17 महिन्यांत एकरी 60 टन पडला आणि सुरू 12 महिन्यांत 45 टन. टनाला आडसाली पुढे. पण महिन्याला भागा: आडसाली सुमारे 3.5 टन, सुरू 3.75. निकाल फिरला. मग खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, किती निघतो, तोडणीची टोळी कधी येते, मधे हरभऱ्याला रान मिळतं का, हे सगळं त्यात मिळवायचं.

संख्याशास्त्राच्या पुस्तकात दोन चुका शिकवतात: नसलेला फरक दिसणं आणि असलेला फरक निसटणं. 1957 मध्ये ॲलिन किंबल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने सल्लागारांसाठी लिहिताना तिसरी मांडली: चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देणं. मला हीच सगळ्यांत घातक वाटते. पहिल्या दोन चुकांची शक्यता आकड्यांतून काढता येते, हिचा मागमूस कुठल्याच आकड्यात नसतो. उलट माहिती वाढवावी तसा चुकीच्या उत्तरावरचा विश्वास पक्का होत जातो.

ती शिरते बोलण्यातून. विचारणारा माणूस आपली काळजी गणिताला झेपेल अशा वाक्यात बसवून आणतो, आणि आपल्याला त्यातलं नेमकं येत असलेलं तेवढंच ऐकू येतं.

म्हणून आता आकड्यांना हात लावण्याआधी मी विचारतो: आडसाली जास्त निघाला तर काय कराल? सुरू निघाला तर? दोन्हीकडे करणार तेच असेल, तर ती तुलना करायचीच नाही. दुसरं, भागायचं कशाने? एकराने, महिन्याने, पाण्याच्या पाळीने, की घातलेल्या रुपयाने? खरा प्रश्न बहुतेक वेळा या छेदात दडलेला असतो.

त्या दिवशी छेद ठरला, पण वहीत लागणीच्या तारखाच नव्हत्या. त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला, आणि एकेका तुकड्याची लागण आठवून लिहीत आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो.