कोळसा खाणीच्या विस्तारावर हरकत : जनसुनावणी, पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांच्या कोळसापट्ट्यात जुन्या खाणीचे क्षेत्र किंवा वार्षिक उत्पादन वाढवण्याचे प्रस्ताव वरचेवर येत असतात. नवी खाण येते तेव्हा गावकऱ्यांना भविष्यातील त्रासाबद्दल बोलावे लागते आणि कंपनीला भविष्यातील उपायांबद्दल. विस्ताराच्या वेळी मात्र दोघांसमोर मागचा हिशेब असतो : जुन्या मंजुरीतील अटी कोणत्या होत्या, त्यांतील किती पाळल्या गेल्या, विहिरींचे पाणी किती खाली गेले. हरकतीचा खरा जोर या हिशेबात आहे, म्हणून पुढील माहिती त्याच्याभोवतीच मांडली आहे.

जनसुनावणी होणार आहे का, हे आधी तपासा

संपूर्ण प्रक्रियेचा आधार म्हणजे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेली पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना, जिला सर्वत्र ईआयए अधिसूचना म्हणतात. छाननी, अभ्यासाची कार्यकक्षा ठरवणे, लोकांचा सल्ला आणि तज्ज्ञ समितीचे मूल्यमापन असे तिचे टप्पे आहेत. मोठ्या खाणींचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालय घेते आणि तुलनेने लहान खाणींचा राज्यस्तरीय प्राधिकरण घेते.

विस्ताराचा अर्ज याच अधिसूचनेच्या परिच्छेद ७(२) खाली येतो, आणि नवा अभ्यास किंवा नवी सुनावणी कितपत आवश्यक आहे हे ठरवण्याची मुभा तो परिच्छेद तज्ज्ञ समितीला देतो. मे २०२२ मध्ये मंत्रालयाने, ज्या कोळसा खाणींना ४० टक्क्यांपर्यंत उत्पादनवाढ आधीच मिळाली होती त्यांना त्याच पट्टाक्षेत्रात, म्हणजे खाणीसाठी भाडेपट्ट्याने मिळालेल्या जमिनीत, ५० टक्क्यांपर्यंत जाण्यासाठी काही अटींवर नव्या सुनावणीतून सूट दिली. म्हणून प्रस्तावात जमीन वाढणार आहे की फक्त उत्पादन, हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर खाणीच्या नावाने शोधल्यास अर्जाच्या नमुन्यात मिळते. सुनावणी नसली तरी तज्ज्ञ समितीच्या सदस्य-सचिवांकडे लेखी म्हणणे पाठवता येते, मात्र समितीच्या बैठकीची कार्यसूची त्याच संकेतस्थळावर येते आणि ती पाहत राहावी लागते.

कोण बोलू शकते

अधिसूचनेत लोकसल्ल्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा त्याच्या अगदी जवळ होणारी सुनावणी, जी स्थानिक बाधित लोकांसाठी असते. दुसरा भाग म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरणीय बाजूंशी रास्त संबंध असलेल्या इतरांची लेखी मते. बाधित म्हणजे केवळ ज्याचा सातबारा जातो तो, असा समज गावोगाव आढळतो आणि तो चुकीचा आहे. भूमिहीन मजूर, नदीवर मासेमारी करणारे, गुरे राखणारे, भाडेकरू, तसेच खाणीच्या वाहतूक-रस्त्यालगत दुकान चालवणारे हे सगळे बोलू शकतात. उपस्थित प्रत्येकाला माहिती किंवा खुलासा मागण्याची संधी दिली पाहिजे, असे अधिसूचनेच्या परिशिष्ट ४ मध्ये म्हटले आहे.

बोलण्यासाठी कोणताही कागद सक्तीचा नाही. उपस्थितांची यादी मात्र इतिवृत्ताला जोडली जाते, त्यामुळे नाव, गाव आणि सही स्पष्ट करावी. ओळखपत्र जवळ असलेले बरे, एवढेच.

नोटीस आणि अहवाल

वर्तमानपत्रातील नोटिशीवर बहुधा ‘पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणी’ असा मथळा असतो. ही नोटीस महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ एका राष्ट्रीय आणि एका मराठी दैनिकात देते आणि नोटीस व सुनावणी यांत किमान ३० दिवसांचे अंतर असावे लागते. याच ३० दिवसांत पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अहवालाचा मसुदा लोकांना पाहण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि मंडळाच्या कार्यालयात खुला असतो.

अडचण भाषेची आहे. मराठीत केवळ सारांश मिळतो, शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो, आणि गावाच्या उपयोगाचे तपशील नेमके त्या मूळ अहवालात दडलेले असतात. महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन-तीन मुलामुलींना सोबत घेऊन नकाशे आणि तक्ते आधी वाचावेत, मजकूर नंतर वाचला तरी चालतो. खाणीभोवतीच्या साधारण १० किलोमीटर त्रिज्येतील अभ्यासक्षेत्रात आपल्या गावाचे नाव आहे का, हवेचे नमुने कोणत्या गावात आणि कोणत्या महिन्यांत घेतले, वाऱ्याची मुख्य दिशा कोणती दाखवली, नाला वळवणार असल्यास नवा मार्ग कुठून जातो आणि पुराच्या वेळी ते पाणी कोणत्या शिवारात शिरेल, हे प्रश्न विचारत अहवाल वाचला की त्यातील उणिवा आपोआप वर येतात. हवेचे मोजमाप सहसा एकाच ऋतूतील असते. ज्या महिन्यांत गावाला धुळीचा सर्वाधिक त्रास होतो ते महिने त्यात नसतील, तर ती एक स्वतंत्र हरकत आहे.

हरकत कशी लिहावी

‘आमचा या खाणीला तीव्र विरोध आहे’ या वाक्याची इतिवृत्तात नोंद होते, पण तज्ज्ञ समितीला त्यावर काही करता येत नाही, कारण सुनावणी हे मतदान नाही. हात वर करून पाठिंबा किंवा विरोध मोजला जात नाही, आणि कंपनीने आणलेल्या समर्थकांच्या संख्येलाही त्यामुळेच कायद्याने काही वजन नाही. अहवालातील पान, दावा, त्याविरुद्धचा पुरावा आणि मागणी, या क्रमाने लिहिलेल्या हरकतीला मात्र कंपनीला उत्तर द्यावे लागते.

पुराव्याचा सर्वांत मोठा साठा सरकारी दप्तरातच असतो. मंजुरी मिळालेल्या खाणीने अटींच्या पूर्ततेचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी सादर करायचा असतो. विस्ताराच्या अर्जासोबत जुन्या अटींच्या पूर्ततेचा प्रमाणित अहवालही लागतो, आणि विदर्भासाठी तो मंत्रालयाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयाकडून येतो. हे दोन्ही अहवाल परिवेशवर नसल्यास माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून मागावेत. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने नोटिशीची वाट न पाहता, विस्ताराची कुणकुण लागताच हा अर्ज टाकणे शहाणपणाचे ठरते.

पाण्याबाबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी कामी येतात. त्यांची पाणीपातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजली जाते. आपल्या पाणलोटातील विहिरीची दहा वर्षांची आकडेवारी आणि खाणीच्या खोलीत झालेली वाढ शेजारी शेजारी ठेवली, तर वेगळे भाषण करावे लागत नाही.

ब्लास्टिंगमुळे भिंतींना गेलेल्या तड्यांची तक्रार प्रत्येक सुनावणीत होते आणि ‘कंपने मर्यादेत आहेत’ हे उत्तरही ठरलेले असते. ही मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात आहे. खाणीच्या मालकीची नसलेल्या साध्या घरांसाठी कंपनांच्या वारंवारितेनुसार ती सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटर इतकी आहे. म्हणून मोजणी कोणत्या घराजवळ, कोणत्या तारखेला आणि किती स्फोटके वापरली असताना झाली, त्याच्या नोंदवहीची प्रत मागावी. गावानेही वहीत स्फोटाची तारीख, वेळ आणि तड्याचे छायाचित्र यांची नोंद ठेवावी. दोन्ही वह्या जुळत नसतील तर तोच मुद्दा मांडावा.

हरकतीला ग्रामसभेचा ठराव जोडता येतो. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वनजमीन लागणार असेल तर हा फरक निर्णायक ठरतो, कारण वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार ग्रामसभेची गणपूर्ती किमान निम्म्या सदस्यांची असून उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. ठरावासोबत उपस्थितीपत्रकाची साक्षांकित प्रत ठेवावी. लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यांना द्यावी, जिल्हाधिकाऱ्यांना आणि मंत्रालयाला प्रत पाठवावी आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्यावी. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ असे सांगितले गेल्यास नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावी.

सुनावणीच्या दिवशी

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो आणि त्याला मंडळाचा प्रतिनिधी साहाय्य करतो. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. म्हणून बहिष्काराचा मार्ग मला धोक्याचा वाटतो : मंडप रिकामा राहिला तरी सुनावणी पूर्ण झाली असेच धरले जाते आणि गावाचे म्हणणे कागदावर येतच नाही. बहिष्कार टाकायचाच असेल तर त्याची कारणे तरी लेखी द्यावीत.

संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी इतिवृत्ताचा सारांश मराठीत वाचून दाखवून त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही व्हावी लागते. संध्याकाळ झाली की लोक निघून जातात आणि नेमके हे वाचन चार-दोन जणांसमोर उरकते. आपला मुद्दा सारांशात आला नसेल तर दुरुस्ती तिथेच मागता येते, नंतर फार कठीण होते. इतिवृत्त आठ दिवसांत निर्णय घेणाऱ्या प्राधिकरणाकडे जाते आणि ते ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय व मंडळाच्या कार्यालयात लावले जाणे अपेक्षित आहे.

पुढे तज्ज्ञ समिती त्यावर विचार करते. समितीने हरकतींचा उल्लेख करून पुढे जाणे पुरेसे नाही, त्या का मान्य किंवा अमान्य केल्या याची कारणे दिली पाहिजेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातील एका खाणीसंबंधीच्या ‘उत्कर्ष मंडळ’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. इतर यंत्रणांचे म्हणणेही वजनदार ठरू शकते. ताडोबालगतच्या लोहारा खाणीला चंद्रपुरात विरोध झाल्यावर केंद्राने २००९ च्या सुमारास तो प्रस्ताव पुढे जाऊ दिला नाही, आणि २०२० मध्ये राज्य सरकारच्या आक्षेपानंतर ‘बंदर’ नावाचा खाणपट्टा लिलावाच्या यादीतून वगळण्यात आला. वन विभाग किंवा जलसंपदा विभागाने प्रस्तावावर प्रतिकूल शेरा मारला असेल, तर तोही माहिती अधिकारात मागून आपल्या हरकतीला जोडावा.

जमिनीची हरकत वेगळी

पर्यावरणाची सुनावणी आणि भूसंपादन यांची गल्लत केल्याने अनेकांची मुदत हुकते. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) सारख्या सरकारी कंपनीसाठी जमीन बहुधा कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, १९५७ खाली घेतली जाते. त्यातील कलम ७ ची अधिसूचना भारताच्या राजपत्रात येते, आणि कलम ८ नुसार तिच्यापासून ३० दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते. हरकतदाराला म्हणणे मांडण्याची संधीही मिळते. इथे कागद मात्र लागतात : चालू सातबारा, आठ-अ, फेरफाराची नोंद, गटाचा नकाशा, आणि खातेदार हयात नसल्यास वारसाची नोंद. वारसाची नोंद वर्षानुवर्षे रखडलेली असेल, तर अधिसूचना येण्याआधीच तलाठ्याकडे अर्ज करावा. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असे सूत्र आहे, त्यामुळे गुंठ्यांची चूकही महागात पडते.

मंजुरी मिळाल्यानंतर

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी कमाल ६० दिवसांची सवलत मिळू शकते, त्यानंतर दार बंद होते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे आणि भरपाईची मागणी नसलेल्या अपिलाला १००० रुपये शुल्क लागते. अपिलासोबत मंजुरीपत्राची प्रत, सुनावणीचे इतिवृत्त, दिलेली लेखी हरकत आणि तिची पोच जोडावी. मुदत मंजुरी कळवल्या तारखेपासून मोजली जाते. कंपनीला मंजुरीची जाहिरात स्थानिक दैनिकांत द्यावी लागते, तेव्हा त्या पानाचे कात्रण तारखेसह काढून हरकतीच्या फाइलमध्येच लावावे.