जाड मांजराला उपाशी ठेवावं का?

'मांजर जाड झालंय? दोन-तीन दिवस खायला देऊ नका, आपोआप उतरेल.' हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. वरवर पटतोही, कारण कमी खाल्लं की वजन घटतं हे खरंच आहे. पण मांजराचं शरीर इथे वेगळं वागतं.

खाणं अचानक बंद झालं की शरीरातली चरबी सुटून यकृताकडे धावते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी झटपट हाताळता येत नाही, ती तिथेच साचते आणि यकृत निकामी होऊ लागतं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हा धोका जाड मांजरालाच जास्त. म्हणून एखादं मांजर दिवसभर अन्नाला शिवलं नाही, तर डॉक्टरांना फोन करावा.

वजन उतरवायचं ते हळूहळू. आठवड्याला साधारण 0.5 ते 2 टक्के, म्हणजे 6 किलोच्या मांजराचे 30 ते 120 ग्रॅम. किती खायला द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि वाटीच्या अंदाजाने नव्हे, काट्यावर मोजून द्या.

पडताळा घरीच घेता येतो. बरगड्यांवरून हलका हात फिरवा. त्या सहज जाणवायला हव्यात. वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. मागच्या पायांपुढे लोंबणारी कातडी मात्र सडपातळ मांजरालाही असते, तिच्यावरून ठरवू नका. वजनासाठी लहान बाळांचा काटा बरा, आपल्या नेहमीच्या काट्याला 50 ग्रॅमचा फरक कळतच नाही.