गेटबाहेरच्या मातीच्या पट्ट्यात झाडं लावायचीयत? आधी वॉर्डात अर्ज द्या

सोसायटीची भिंत आणि रस्ता यांच्यामधे जो हातभर गवताचा पट्टा उरतो ना, तो बहुतेक वेळा आपला नसतो. रोज आपणच झाडतो, पाणी घालतो, म्हणून आपला वाटतो, पण प्रॉपर्टी कार्ड (जागा कोणाची, किती ते सांगणारा सरकारी उतारा) आणि रस्त्याची ठरलेली हद्द बघितली की कळतं जागा मुंबई महापालिकेची आहे. म्हणून पहिलं काम हेच, प्रॉपर्टी कार्ड काढून भिंतीपर्यंतचं माप जुळवून बघा. पट्टा भिंतीच्या आत असेल तर कमिटीचा ठराव पुरतो. बाहेर असेल तर परवानगी लागतेच.

अर्ज आपल्या वॉर्ड ऑफिसमधे उद्यान खात्याकडे करायचा, सहाय्यक उद्यान अधीक्षकांच्या नावाने, आणि फूटपाथ किंवा रस्त्याला हात लागणार असेल तर एक प्रत परिरक्षण (मेंटेनन्स) खात्यालाही द्या. एकट्या माणसाने देण्यापेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढे पाणी कोण घालणार हा प्रश्न येतोच. आम्ही जोडलेली कागदं म्हणजे कमिटीच्या ठरावाची प्रत, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, प्रॉपर्टी कार्ड, मापं टाकलेला हाताने काढलेला नकाशा, चारही बाजूंचे फोटो, कुठली झाडं लावणार त्याची यादी आणि देखभाल आम्ही करू असं हमीपत्र. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका!

सगळ्यात जास्त चुका होतात त्या बांधकामात. कट्टा, रेलिंग, लोखंडी जाळी, टाईल्स यातलं काही परवानगीशिवाय करू नका, मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 312 प्रमाणे रस्त्यावर असं काही उभारता येत नाही आणि कलम 314 खाली पालिकेला ते नोटीस न देताही काढता येतं. आमच्या आधीच्या कमिटीने वर्गणी काढून छान विटांचा कट्टा बांधलेला, एका सकाळी गेला तो, सोबत दोन वर्षं जपलेली अनंताची झाडंही गेली. फार वाईट वाटलं होतं. शिवाय चालणाऱ्यांना जागा हवीच, भारतीय रस्ते काँग्रेस म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या मार्गदर्शक सूचनांमधे फूटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी वाट सांगितलीय, तेवढी सोडूनच नकाशा काढा.

पट्ट्यात आधीच मोठं झाड असेल तर त्याला हात लावायचा नाही. 1975 च्या झाडं जतन करायच्या कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं कापणं नाही, जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणंही त्यातच येतं, त्यामुळे फांद्या छाटायच्या असतील तर वेगळा अर्ज, तोही उद्यान खात्याकडेच. बुंध्याभोवती सिमेंट असेल तर ते फोडून माती मोकळी करायची विनंती याच अर्जात लिहा, झाड खरंच सुटल्यासारखं दिसतं.

खणायच्या आधी खालून वीज, गॅस, पाण्याची लाईन जातेय का ते विचारून घ्या, मुंबईत दोन फुटांवर काय लागेल सांगता येत नाही. यादीत तगर, जास्वंद, कर्दळ अशी छोटी मुळं असलेली झाडं ठेवा, मोठं एखादं हवंच असेल तर तामण किंवा बहावा, पण वरून वायर जात नसेल तरच. कुंड्यांखाली बशा नकोत, पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.

अर्ज फेब्रुवारी-मार्चमधेच टाका म्हणजे जूनच्या पहिल्या पावसात रोपं मातीत जातील. महिनाभर काहीच हाललं नाही तर आवक नंबर घेऊन परत जा, किंवा पालिकेच्या 1916 या हेल्पलाईनवर फोन करून तक्रार नोंदवा आणि तो तक्रार नंबरही त्याच फाईलमधे लावून ठेवा.