पार्श्वभूमी : ‘इष्टांक पूर्ण’ म्हणजे नेमकं काय?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात रेशनकार्डावर सुनेचं किंवा नव्या बाळाचं नाव चढवायला गेलेल्यांना अनेकदा एकच उत्तर मिळतं, ‘इष्टांक पूर्ण आहे, जागा झाली की बघू.’ इष्टांक, म्हणजे कायद्याचं धान्य मिळणाऱ्यांची ठरवून दिलेली संख्या. सरकारी आढाव्याच्या तक्त्यातही हेच दोन शब्द असतात, पण तिथे ते चांगल्या कामाची नोंद म्हणून वाचले जातात. नाशिक जिल्ह्यात धान्य-योजनांचं मूल्यमापन कुठे अडतं, ते या एका शब्दात सापडतं.

मोजणी आपल्याकडे नवी नाही. पिकाची आणेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, नंतरची पैसेवारी, 50 पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती सुरू होत. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला आलेला मजूर हजेरीपटावर यायचा, त्याला मिळणाऱ्या सुकडीचा, म्हणजे पौष्टिक पिठाचा, हिशेबही राहायचा. पुढे रेशन सगळ्यांसाठी होतं तोवर ‘बाहेर कोण राहिलं’ हा प्रश्न कागदावर फारसा उमटत नव्हता. तो उमटला जून 1997 मध्ये, दारिद्र्यरेषेच्या वर कोण आणि खाली कोण अशी विभागणी झाली तेव्हा. 1999 पासून राज्यात पिवळं, केशरी, पांढरं अशी कार्डं आली. डिसेंबर 2000 मध्ये सगळ्यांत गरीब कुटुंबांसाठी अंत्योदय योजना आली. 28 नोव्हेंबर 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं या योजनांचे लाभ हक्क ठरले. हक्क म्हटला की तो कोणाला मिळाला नाही हे शोधणं ओघानं आलंच. ते शोधायची पद्धत मात्र तेव्हाही नीट बसली नाही.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं चित्र पालटलं. राज्यात अंमल 1 फेब्रुवारी 2014 पासून. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो. गावात वर्षाला 44 हजार आणि शहरात 59 हजारांपर्यंत उत्पन्न असलेली केशरी कार्डं प्राधान्यात घेतली गेली. त्यामुळे एकाच आळीत, एकाच रंगाच्या कार्डावर, एकाला धान्य आणि शेजाऱ्याला नाही असं होऊ लागलं.

इष्टांक इथूनच निघाला. महाराष्ट्रात गावांतले 76.32 टक्के आणि शहरांतले 45.34 टक्के लोक, मिळून सुमारे 7 कोटी 16 हजार, एवढ्यांनाच कायद्याचं धान्य मिळेल अशी मर्यादा ठरली. ती काढली 2011 च्या जनगणनेवरून. ही संख्या जिल्ह्यांना वाटली गेली, जिल्ह्यांनी तालुक्यांना. म्हणजे इष्टांक ही मुळात कमाल संख्या आहे, त्याच्यावर जाता येत नाही. पण ‘इष्ट’ म्हणजे हवं असलेलं, गाठायचं. शब्दानंच मर्यादेला उद्दिष्टाचा पोशाख चढवला. ‘शंभर टक्के इष्टांक’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, सगळे भुकेले यादीत आले. प्रत्यक्षात यादी भरली एवढाच त्याचा अर्थ.

या शब्दाची बाजू घेणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. नियतन, म्हणजे महिन्याला येणारं धान्य, संख्येवरच ठरतं. वरची संख्या पक्की नसेल तर गोदामातून उचल किती करायची आणि दुकानात किती पोचवायचं, हेच ठरणार नाही. हे खरं आहे. पण नियतनाचा आकडा योजना यशस्वी झाल्याचा पुरावा म्हणून वापरला जातो, ते मला मान्य नाही. 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाखांवर होती. त्यानंतर जन्मलेली पहिली मुलं आज हायस्कुलात पोचली आहेत आणि त्यांच्यासाठी वरच्या मर्यादेत वेगळी जागा झालेली नाही.

इथेच मूल्यमापनासाठी घरोघर होणाऱ्या पाहणीची खरी अडचण सुरू होते. बहुतेक पाहण्यांत नमुना लाभार्थ्यांच्या यादीतूनच काढतात. यादीबाहेरच्या घरी कोणी जातच नाही. जे वगळले गेले त्यांना ‘तुम्ही वगळले गेलात का’ असं विचारायला माणूस पोचत नाही, आणि अहवालात वगळणूक कमी दिसते.

दुसरी अडचण हंगामाची. नागली-भात काढून झाला की दिवाळीनंतर या भागातली कितीतरी घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर नाहीतर नाशिकला बांधकामावर येतात. पाहणी नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत निघते, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात. एका पाड्यावर आम्ही अशाच पाहणीसाठी गेलो तेव्हा ओळीनं सहा दारांना कुलपं होती. सातव्या घरी एक आजी नातवंडांना घेऊन होत्या. कणगीत नागली होती. ‘गेल्या सात दिवसांत काय खाल्लं’ या प्रश्नाला त्यांनी भाकरी, उडदाची आमटी, भात असं सांगितलं, आणि आमच्या फॉर्मवर ते घर ‘समाधानकारक’ ठरलं. निघताना त्या म्हणाल्या, ‘आखाडात या, मग ईचारा.’ कुलपं असलेल्या घरांच्या जागी आम्ही बदली कुटुंबं घेतली. नियमात ते बसतं. पण स्थलांतर करणारी घरं त्या आकडेवारीतून गेली ती गेलीच.

पावसाळ्यातली ही कणगीची रिकामी वेळ सरकारला माहीत नव्हती असं नाही. 1978 पासूनची आदिवासी कुटुंबांसाठीची खावटी कर्ज योजना त्याच महिन्यांसाठी होती. 2020 मध्ये तिचं अनुदान झालं, कुटुंबाला 4 हजार, अर्धे खात्यात आणि अर्धे वस्तूंच्या रूपात. पण धान्य कोणत्या महिन्यात हातात पडलं, हा रकाना मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये मला क्वचितच दिसला.

ई-पॉस यंत्रं आल्यापासून नोंदी भरपूर मिळतात. अंगठा लागला, पावती निघाली, व्यवहार पूर्ण. दुकानदारीतली जुनी लबाडी यामुळे अवघड झाली, हे मान्यच करायला हवं. पण यंत्र धान्याचा प्रवास दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच सांगतं. पुढचं अंगणवाडीत कळतं, जिथे मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली गेला की ते तीव्र कुपोषित धरतात. रेशन दुकान आणि अंगणवाडी कधीकधी शंभर पावलांवर असतात, तरी त्यांच्या दोन वह्या एकत्र ठेवून वाचलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 28 मधलं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच केलेली योजनेची तपासणी, त्यासाठी वापरता आलं असतं. आमच्या भागात ते ग्रामसभेच्या सह्यांपुढे फारसं सरकलेलं नाही.

आता ई-केवायसीनं यादी पुन्हा हलते आहे. ज्यांचं आधार पडताळलं जाणार नाही त्यांची नावं निघतील, इष्टांकात जागा होईल आणि थांबलेली नावं चढतील असं सांगितलं जातं. पण पडताळणीच्या दिवसांत बागेवर असलेला मजूर आणि झिजलेल्या बोटांची म्हातारी हेही त्या निघणाऱ्या नावांत असू शकतात. जागा कोणाच्या नावावर झाली, हे सांगणारा रकाना तक्त्यात अजून नाही.